बुटक्या सिक्लिडांची गटवारी : नव्या अभ्यासकांसाठी काही अनुभव

सोलापुरात सिक्लिड कुळातला मासा पाहायला लांब जावे लागत नाही, कारण उजनीची चिलापी याच कुळातली आहे. मात्र पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी निवडलेले बुटके सिक्लिड दक्षिण अमेरिकेतले होते आणि ते आपल्याकडे फक्त शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळतात. या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांनी पहिल्यांदा हे लक्षात घ्यावे की ‘ड्वार्फ’ (बुटका) हा शब्द आकार सांगतो, नाते सांगत नाही. पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस आणि अमेझॉन खोऱ्यातला अ‍ॅपिस्टोग्रामा दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असले, तरी अ‍ॅपिस्टोग्रामाचे खरे भाऊबंद म्हणजे तोंडात वाळू घेऊन चाळणारे मोठे जिओफेगस आहेत. जिओफेगस आणि त्याचा हा बुटका भाऊबंद या दोघांच्याही पहिल्या कल्ल्याच्या कमानीवर असलेली मांसल पाळी हा त्याचा एक महत्त्वाचा पुरावा आहे. सर्वांच्या परिचयाचा राम मासासुद्धा 1948 मध्ये अ‍ॅपिस्टोग्रामा म्हणूनच वर्णिला गेला होता. आज तो मिक्रोजिओफेगस या वेगळ्या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींच्या समूहात) आहे.

अ‍ॅपिस्टोग्रामा ही प्रजाती मत्स्यशास्त्रज्ञ रेगन यांनी 1913 मध्ये स्थापली. आज तिच्यात नव्वदहून अधिक जाती मानल्या जातात आणि म्हणूनच थेट जातीचे नाव शोधत बसण्यापेक्षा आधी गट ठरवणे सोयीचे पडते. मत्स्यशास्त्रज्ञ स्वेन कुलँडर यांच्या 1980 च्या अभ्यासाने या गटवारीला भक्कम पाया दिला. अगासिझी, कॅकॅटुऑइडिस, मॅकमास्टेरी, रेगानी, स्टाइनडाखनेरी, ट्रायफॅसियाटा ही एकेका जातीवरून पडलेली गटनावे अभ्यासकांच्या बोलण्यात सतत येतात. हे गट कामचलाऊ आहेत, त्यामुळे दोन तज्ज्ञांच्या याद्या तंतोतंत जुळल्या नाहीत तर नवख्याने गोंधळून जाऊ नये.

माझ्या मते सर्वाधिक वेळ काळ्या खुणांना द्यावा. फॉर्मालिन आणि अल्कोहोलमध्ये जतन केलेल्या माशांचे लाल-पिवळे रंग उडून जातात, काळे रंगद्रव्य मात्र टिकते. शिवाय ‘डबल रेड’, ‘ट्रिपल रेड’ हे रंग पैदासकारांनी निवडीने वाढवलेले असल्यामुळे नात्याच्या प्रश्नात त्यांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. डोळ्यामागून शेपटीकडे जाणारा पट्टा कुठे संपतो, शेपटीच्या बुडाशी असलेला ठिपका त्या पट्ट्याला चिकटलेला आहे की सुटा, पोटावर बारीक रेघा आहेत का, हे क्रमाने टिपावे. ट्रायफॅसियाटा गटात छातीच्या पराच्या बुडापासून गुदपराकडे तिरकी जाणारी रेघ एकदा डोळ्यांत बसली की तो गट चटकन ओळखू येतो. नर अगासिझीची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी निमुळती असते. नर कॅकॅटुऑइडिसच्या शेपटीला दोन टोके असतात आणि पृष्ठपराचे पुढचे काटे तुऱ्यासारखे उंच असतात. डोक्यावरची संवेदी छिद्रे भिंगाखाली मोजावी लागतात आणि ती दोन्ही बाजूंनी मोजावीत. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्याला पर्याय नाही.

जिवंत माशाच्या खुणा त्याच्या मनःस्थितीनुसार बदलतात. एरवी करडी दिसणारी मादी पिल्ले सांभाळताना पिवळीधमक होते आणि तिच्या अंगावर ठळक काळे डाग उठतात, त्यामुळे एका छायाचित्रावरून निष्कर्ष काढू नये. निरीक्षणासाठी टाकी लावायची असेल तर कॅकॅटुऑइडिसपासून सुरुवात करावी, कारण आपल्या बोअरचे जड पाणी तो बऱ्यापैकी सोसतो. अगासिझीला मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी लागते आणि त्यासाठी आरओचे पाणी मिसळावे लागते. दुकानातल्या माशाचे मूळ नदीखोरे बहुधा कोणालाच ठाऊक नसते, म्हणून नोंदवहीत ‘स्थळ अज्ञात’ असेच स्पष्ट लिहावे. विक्रेत्याने सांगितलेले ‘पेरू’ किंवा ‘कोलंबिया’ हा संग्रहस्थळाचा पुरावा ठरत नाही.

यात नोकरी कुठे, असे घरचे विचारतात आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. केवळ अ‍ॅपिस्टोग्रामावर पोट भरणे आपल्याकडे अवघड आहे. परंतु काटे, खवले आणि छिद्रे मोजण्याचा जो सराव या माशांवर होतो, तोच भीमेतल्या बारीक माशांच्या सर्वेक्षणात कामी येतो, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम प्रादेशिक केंद्रासारख्या संस्थांतील प्रकल्पांसाठी अर्ज करताना असा सराव सांगण्यासारखा असतो.