वेल्श गावांची नावं कशी वाचावीत

वेल्समधल्या स्टेशनाच्या पाटीपुढे भलेभले अडखळतात. खरं तर वेल्श लिखाण इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे. लिहिलंय तसंच बहुतेक वाचायचं, फक्त अक्षरांचे इंग्रजी उच्चार आधी डोक्यातून काढायचे.

१. आधी अक्षरं. डब्ल्यू बहुधा स्वर असतो, उ किंवा ऊ. एकटा एफ म्हणजे ‘व’. ‘फ’ हवा असेल तर दोन एफ. म्हणून नदीसाठीचा ‘ए-एफ-ओ-एन’ हा शब्द ‘आव्हॉन’ असा वाचतात. इंग्लंडमधल्या एव्हन नद्यांची नावं याच जुन्या शब्दाची, म्हणजे ‘रिव्हर एव्हन’ म्हणजे नुसतं ‘नदी नदी’!

२. आता डबल एल. इथे घाई करू नका. ‘ल’ म्हणायला जीभ टाळूला टेकवा आणि तिथेच ठेवा. आता गळ्यातून आवाज न काढता जिभेच्या कडांवरून फुंकर सोडा. गळ्याला बोट लावून बघा, थरथर जाणवता कामा नये. आपला ‘ळ’ इथे कामाचा नाही, त्यात जीभ मागे वळते आणि गळाही घुमतो. लिहिताना मी ‘ह्ल’ लिहितो, तेवढ्यापुरतं चालतं.

३. मग नाव तोडा. ‘ह्लान’ म्हणजे मुळात कुंपणातली जागा, नंतर त्याचा अर्थ चर्च झाला. ‘आबेर’ म्हणजे नदीचं मुख: स्वॉन्झी शहराचं वेल्श नाव आबेरटावे, टावे नदीच्या मुखाशी वसलेलं. ‘पॉण्ट’ म्हणजे पूल, ‘कुम’ म्हणजे दरी.

४. नावाचा दुसरा तुकडा ओळखू आला नाही तर त्याचं पहिलं अक्षर बदललंय का ते पाहा. मराठीत ‘घोडा’चं ‘घोड्याला’ होताना शब्दाची शेपूट बदलते. वेल्शमध्ये तोंड बदलतं. संत कॉह्लेन यांचं चर्च म्हणून गावाचं नाव ह्लान्गॉह्लेन, ‘क’चा ‘ग’. मेरीला वेल्शमध्ये ‘मायर’ म्हणतात, तिच्या चर्चचं गाव ह्लानवायर.

५. जोर सहसा शेवटून दुसऱ्या उच्चारखंडावर द्या: ह्लान्-गॉ-ह्लेन, म्हणजे ‘गॉ’वर.

आता वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या एका गावाचं ते ५८ अक्षरी नाव घ्या. १८६०च्या दशकात प्रवाशांना ओढण्यासाठी ते लांबवलं गेलं. डबल एलसारखी जोडीची अक्षरं वेल्शमध्ये एकच धरतात, त्यामुळे त्यांच्या हिशेबाने ती ५१च. सुरुवात तोडून वाचा: ह्लान, वायर, पूह्ल, ग्विन, गिह्ल. पांढऱ्या हेझल झाडांच्या खळग्यातलं मेरीचं चर्च. गावचे लोक रोजच्या बोलण्यात ह्लानवायरपूह्लवरच थांबतात.