जुन्या गाडीचा रेडिएटर फॅन स्विच

गगनबावड्याचा घाट चढताना काटा लालकडे सरकतोय आणि फॅन गप्प? आधी रेडिएटरवरच्या, कूलंट तापलं की फॅन चालू करणाऱ्या स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा, चावी ऑन करा. फॅन फिरला तर मोटर, फ्यूज ठीक, दोष स्विचचा. नाही फिरला तर स्विचवर पैसे घालवू नका, फ्यूज आणि अर्थिंग बघा.

खात्रीसाठी स्विचचं पितळी टोक गरम पाण्यात धरा, त्याच्या दोन पिनांना मल्टिमीटर (जोडणी झाली की तुटली ते दाखवणारं मीटर) लावा. अंगावर ९२-८७ कोरलं असेल तर साधारण ९२ अंशांना जोडला जावा, ८७ला सुटावा.

बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. कूलंट उतरवा, वॉशर नवाच घाला, बेतानं आवळा. रेडिएटरचे आटे लगेच जातात. शेवटी कूलंटमध्ये अडकलेली हवा काढाच, नाहीतर वाफेत अडकलेल्या नव्या स्विचलाही उष्णता नीट कळत नाही.