क्रिएटिनला ‘सायकल’ लागत नाही

‘आठ आठवडे क्रिएटिन घे, मग चार आठवडे बंद,’ असं स्नायूंच्या ताकदीसाठी घ्यायच्या या पावडरीबद्दल जिममध्ये कुणीतरी सांगतंच. साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटला, म्हणजे तिच्या नेहमीच्या प्रकाराला, असल्या सायकलची गरज नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम घ्या, व्यायामाला सुट्टी असली तरी. तीन-चार आठवड्यांत स्नायूंतला साठा भरतो. सुरुवातीला आठवडाभर रोज २० ग्रॅमचं लोडिंग केलं तर तो लवकर भरतो, इतकंच. पोट बिघडलं की मग बोंब. वजन किलोभर वाढलं तर ते बहुतेक पाणीच असतं, लगेच आरशासमोर दंड फुगवू नका. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम तपासायला मोजतात ते) थोडं जास्त दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका.

खंड घ्यायचाच तर कॅफीनवाल्या प्री-वर्कआउटमध्ये (व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीत) घ्या, कॅफीनची सवय जडते.

प्रोटीनचा हिशेब रोज वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम धरा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून साधारण २५ ग्रॅम मिळतं, जवळपास व्हेच्या (दुधापासूनच्या प्रोटीन पावडरीच्या) एका स्कूपएवढं. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा, उग्र वास जातो. मग कांदा-लसूण मसाल्यात परता.