गणिताचं तत्त्वज्ञान: वाचायला बसण्यापूर्वी

तर्कशास्त्रज्ञ गोडेलच्या नावाने विश्वाची कोडी सोडवणारी पुस्तकं आधी कपाटात परत ठेवा. त्यांत प्रमेय कमी आणि उद्गारचिन्हं फार. मग तर्कशास्त्राची उजळणी करा. ‘प्रत्येक’ आणि ‘किमान एक’ यांची चिन्हं न अडखळता वाचता यायला हवीत. रिकाम्या संचापासून नैसर्गिक संख्या कशा उभ्या करतात, तेही एकदा स्वतःच्या हाताने लिहून काढा. एक रीत फॉन नॉयमनची: प्रत्येक संख्या म्हणजे तिच्या आधीच्या सगळ्यांचा संच. दुसरी झर्मेलोची: फक्त लगेच आधीच्या एकीचा संच. दोन्ही लिहा, सतरापर्यंत नाही तर निदान तीनपर्यंत.

हा खटाटोप तत्त्वज्ञ बेनासेराफच्या १९६५च्या निबंधासाठी. त्यात दोन मुलं, एकेक रीत शिकलेली. बेरीज-गुणाकारात त्यांचं कधीच वाजत नाही. पण तीन हा सतरा या संचाचा घटक आहे का? फॉन नॉयमनच्या रीतीने आहे. झर्मेलोच्या रीतीने नाही, कारण तिथे सतराचा घटक एकच, सोळा. खरं कोणाचं हे ठरवायला काहीच आधार सापडत नाही, म्हणून संख्या म्हणजे संच नव्हेतच, असं बेनासेराफ म्हणतो. हातात पेन्सिल असेल तरच हा युक्तिवाद अंगी लागतो.

पुस्तकांत पहिलं फ्रेगेचं ‘अंकगणिताचा पाया’, १८८४चं. लहान आहे, चिन्हं जवळजवळ नाहीत, आणि इतरांच्या मतांची त्याने केलेली चिरफाड वाचताना आपल्याकडच्या पूर्वपक्ष-खंडनाची आठवण येते. त्याला जोडून फ्रेगेच्या मांडणीतला अंतर्विरोध दाखवणारं रसेलचं १९०२चं पत्र; ते फान हाइयेनोर्टच्या १९६७च्या संग्रहात आहे, हिल्बर्टचं अनंतावरचं व्याख्यानही तिथेच.

दुसरा संग्रह बेनासेराफ आणि पटनमचा. घेताना आवृत्ती बघा: १९६४ची नको, १९८३ची हवी, कारण ‘मॅथेमॅटिकल ट्रुथ’ हा बेनासेराफचा १९७३चा निबंध दुसरीतच आहे. १९३०च्या क्योनिग्सबर्गच्या सभेतली कार्नाप, हायटिंग आणि फॉन नॉयमन यांची भाषणंही त्यात आहेत. तीन पंथ, तिघांचे वकील: गणित म्हणजे तर्कशास्त्रच, गणित म्हणजे मनातली रचना, गणित म्हणजे चिन्हांचे नियम. आणि त्याच सभेतल्या चर्चेत गोडेलने आपला अपूर्णतेचा निष्कर्ष सांगून टाकला: अशा पद्धतीत खरी पण सिद्ध न होणारी विधानं राहतातच.

अडलं की स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश, फुकट आहे. पण तो मूळ लेख वाचून झाल्यावर उघडा. फील्डचं १९८०चं पुस्तक, संख्यांशिवाय न्यूटनचं गुरुत्वाकर्षण मांडणारं, तूर्त विकत घेऊ नका; ग्रंथालयातून आणून पहिलं प्रकरण चाळा आणि जमलं तरच पुढे जा.