श्रीखंडाची डबी आणि दह्याचा कप : टाकण्यापूर्वी

श्रीखंड संपले की डबी धुतली जाते, ओट्यावर पालथी पडते आणि तिथून माळ्यावर जाते. वर्षभराने माळा उघडावा तर डब्या एकीकडे आणि झाकणे भलतीकडे. म्हणून पहिला नियम असा की झाकण घट्ट बसत असेल तीच डबी साठवणीसाठी ठेवावी. बिनझाकणाचे कप फक्त रोपांसाठी निराळे काढावेत आणि एका पिशवीत मावतील तेवढेच जमवावेत.

दुसरे काम डबी उलटी करून पाहण्याचे. तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. 5 असेल तर ते पॉलिप्रोपिलीन. ते वाकते, पण सहजी तडकत नाही आणि सुक्या जिन्नसांना चांगले. 6 म्हणजे पॉलिस्टायरीन. बोटाने दाबले की पांढरी रेघ उमटून तडा जातो. त्यात गरम किंवा तेलकट पदार्थ मुळीच ठेवू नये. माझे मत विचाराल तर 5 आकड्याच्या जुन्या डबीतही गरम आमटी ओतू नये. त्यासाठी स्टीलचा डबा आहेच. लेबलाचा चिकटा निघत नसेल तर त्यावर खोबरेल तेल चोळून पंधरा मिनिटे ठेवावे आणि मग साबणाने धुवावे. हळदीचा पिवळा डाग घासून जात नाही, मात्र हळदीचा रंग उन्हात टिकत नसल्यामुळे डबी एक-दोन दिवस उन्हात ठेवली की तो बराच फिका होतो.

दह्याच्या लहान कपाचा सर्वांत चांगला उपयोग मिरची, टोमॅटो आणि वांग्याची रोपे करण्यासाठी होतो, असे मी अनुभवाने सांगते. तळाला तीन-चार भोके हवीत. मऊ कपाला दाभण पुरते. कडक कप मात्र दाभणाने फुटतो, आणि तापवलेल्या खिळ्याने भोक पाडताना निघणारा धूर वाईट असल्यामुळे अशा कपाच्या तळाचा कोपराच कात्रीने हळूच कापावा. निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मे गांडूळखत कालवून कप काठाच्या बोटभर खाली राहील इतका भरावा, त्यात दोन बिया पेरून त्यांवर मातीचा पातळ थर द्यावा. वरून पाण्याची धार सोडली तर बी वाहून कडेला जाते, त्यामुळे कप पाणी घातलेल्या ताटलीत ठेवून माती खालूनच भिजू द्यावी आणि अर्ध्या तासाने उरलेले पाणी ओतून टाकावे. टोमॅटो साधारण आठवड्यात उगवतो, मिरची थोडी जास्त वाट पाहायला लावते. दोन्ही बिया रुजल्या तर अशक्त रोप उपटू नये, कारण त्याच्याबरोबर दुसऱ्याची मुळेही हलतात. ते कात्रीने बुडाशी कापावे. चार-पाच खरी पाने (बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन दलांनंतरची) आली की संध्याकाळच्या वेळी रोप कुंडीत हलवावे. कप बाहेरून हलकेच दाबावा, देठ दोन बोटांच्या बेचक्यात धरून कप उलटा करावा, म्हणजे पांढऱ्या मुळांच्या जाळीत गुंफलेला मातीचा घट्ट गड्डा अलगद तळहातावर येतो. वाफ्यातून उपटलेल्या रोपाप्रमाणे हे रोप सहसा माना टाकत नाही.

झाकणाच्या डब्यांना घरात काम शोधावे लागत नाही. बटणे, हुक, सेफ्टी पिना, स्क्रू, पाहुण्यांकडे नेण्यापुरते हळदकुंकू यांसाठी त्या सोयीच्या असतात. रांगोळीच्या रंगांसाठी झाकणाला बारीक भोके पाडली, तर ठिपक्यांमध्ये रंग भरताना तो हातालाही फारसा लागत नाही. चौकोनी डब्या झाकण काढून खणात एकमेकींना लावून ठेवल्या की खणाचे आयते कप्पे होतात.

फिनाईल, रॉकेल किंवा उंदराचे औषध खाण्याच्या डबीत कधीही, अगदी दोन दिवसांसाठीसुद्धा, ओतू नये. श्रीखंडाचे चित्र असलेली डबी लहान मूल विश्वासाने उघडते. गोळ्याही त्यांच्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात, कारण नाव आणि मुदत त्यावरच असते.

बाल्कनीतल्या रिकाम्या कपांत पावसाचे पाणी साचू देऊ नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास तयार होतात. ही अंडी कोरडी पडूनही तग धरतात, म्हणून नुसते पाणी ओतून न थांबता आठवड्यातून एकदा ताटल्या आणि कप आतून घासावेत. उन्हाने ठिसूळ झालेले कप बोटांत चुरा होण्याआधीच धुऊन सुक्या कचऱ्यात द्यावेत.