जुना स्काउट बॅज कुठल्या जिल्ह्याचा आणि कधीचा, हे कसं ओळखायचं

शाळेचं जुनं कपाट उघडलं, आजोबांची ट्रंक काढली की कधीकधी स्काउट-गाईडचे बॅज निघतात आणि कोणालाच सांगता येत नाही की हे कधीचं, कुठलं. आपल्या जिल्ह्यात स्काउटिंग कसं वाढलं ते सलग लिहिलेलं क्वचितच हाताला लागतं, जे आहे ते या कापडी तुकड्यांवर, पिवळ्या पडलेल्या सर्टिफिकेटांवर आणि वयाच्या ऐंशी-नव्वदीतल्या स्काउट मास्तर आणि गाईड कॅप्टन बाईंच्या डोक्यात आहे. म्हणून हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका, ही माझी कळकळीची विनंती.

सगळ्यात आधी बॅजवर अशोकचक्र आहे का बघा. भारत स्काउट्स आणि गाईड्सचं चिन्ह म्हणजे स्काउटांचं तीन पाकळ्यांचं लिलीचं फूल, त्यावर गाईडांचं तीन पानांचं ट्रेफॉइल आणि मधे अशोकचक्र. ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० ला झाली आणि गाईड्स १५ ऑगस्ट १९५१ ला त्यात आल्या, त्यामुळे हे तिन्ही एकत्र असलेला बॅज १९५० च्या आधीचा असूच शकत नाही, घरात कोणी कितीही ठामपणे सांगितलं तरी. उलट बाजूने मात्र घाई नको, म्हणजे नुसतं फूल दिसलं की लगेच इंग्रजांच्या काळातला म्हणू नका, कारण जांभळ्यावर पांढरं फूल आणि भोवती दोरी हा जागतिक स्काउट बॅज आहे आणि तो आजही युनिफॉर्मवर लावतात.

चक्र नाही आणि जागतिक बॅजही नाही, तर मग त्यावरचं संस्थेचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. भारतात स्काउटिंग १९०९ ला बंगलोरमध्ये सुरू झालं पण ते इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी, आपल्या मुलांना त्यात जागा नव्हती, म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ ला मद्रासमध्ये वेगळी इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन काढली, तिकडे उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समिती नावाच्या संस्थेचे स्काउट उभे केले. स्काउटिंगचे संस्थापक बेडन पॉवेल १९२१ ला भारतात आले, सगळ्यांना एका छत्राखाली आणायचे प्रयत्न झाले, तरी १९३८ ला हिंदुस्तान स्काउट असोसिएशन वेगळी झालीच. म्हणजे एकाच गावातल्या दोन शाळांची पथकं दोन वेगळ्या संस्थांची असू शकतात. गावाचं नाव सारखं आहे म्हणून दोन्ही एकाच फाइलीत टाकू नका.

आता जिल्ह्याचं नाव, माझ्या मते खरी मजा इथेच आहे. बॅजवर, स्कार्फवर किंवा मेळाव्याच्या सर्टिफिकेटवर जिल्हा लिहिलेला असेल तर तारीख नसली तरी काळ बऱ्यापैकी पकडता येतो, कारण आपले जिल्हे सारखे बदललेत. "कुलाबा जिल्हा" असेल तर ते रायगड नाव पडायच्या म्हणजे १९८१ च्या आधीचं. सिंधुदुर्ग आणि जालना १ मे १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे, वाशीम आणि नंदुरबार १९९८ चे, हिंगोली आणि गोंदिया १९९९ चे, पालघर १ ऑगस्ट २०१४ चा. म्हणजे सावंतवाडीच्या शाळेचं सर्टिफिकेट आहे आणि वर जिल्हा रत्नागिरी छापलंय, तर चूक समजून बाजूला टाकू नका, ते १९८१ च्या आधीचं आहे एवढाच त्याचा अर्थ. तसंच उदगीरच्या पथकाचे जुने कागद उस्मानाबादच्या नावाने असतील, वसईचे ठाण्याच्या. "उत्तर सातारा" (आताचा सातारा) किंवा "पूर्व खानदेश" (आताचा जळगाव) दिसलं तर अजून मागे जा. राज्याचं नाव पण बघा. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, विदर्भ मध्य प्रदेशात होता, आणि महाराष्ट्र हे नाव १ मे १९६० नंतरचं, त्यामुळे नागपूरच्या १९५२ च्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र शोधत बसू नका.

एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. स्काउट-गाईडच्या रचनेत रेल्वेची प्रत्येक झोन वेगळं राज्य धरली जाते आणि तिचे विभाग जिल्ह्यासारखे चालतात, केंद्रीय विद्यालय आणि नवोदयचंही वेगळंच राज्य आहे. भुसावळचा बॅज सापडला म्हणजे तो जळगाव जिल्हा संस्थेचा असेलच असं नाही, मध्य रेल्वेचाही असू शकतो. घरात कोण रेल्वेत होतं का एवढं विचारलं तरी बरंच सुटतं. आणि पुण्याचा "संगम" लिहिलेला बॅज असेल तर ते गाईड्सचं जागतिक केंद्र, १९६६ ला सुरू झालेलं, पुणे जिल्हा संस्थेशी गल्लत करू नका.

दर्जाचे बॅज क्रमाने लावायला सोपे. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार हा स्काउट-गाईडचा क्रम, लहान मुलामुलींच्या कब-बुलबुलचे चरण वेगळे. प्रावीण्य बॅज ढिगाने असतात, ते विषयानुसार वेगळे ठेवा म्हणजे झालं.

मग कागद. स्काउट-गाईडच्या जिल्हा कार्यालयात जा, पण त्याआधी शाळेत जा, कारण शाळेचं वार्षिक, सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, पथकाचं नोंदणीपत्र, शिबिरांची लॉगबुकं हे तिथेच पडलेलं असतं. संस्थानी भाग असेल तर कोल्हापूरचं पुरालेखागारही आहे. जुन्या सरांकडे जाल तेव्हा "जिल्ह्याचा इतिहास सांगा" असं विचारू नका, त्याने माणूस दोन वाक्यांत संपवतो. बॅज हातात द्या आणि विचारा की याची चाचणी कुठे झाली, परीक्षक कुठून आले, तंबू कोणाचे होते, मुली कधीपासून यायला लागल्या. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. आणि वस्तू मागू नका. फोटो मागा. कित्येकांनी तो बॅज रात्रभर गाठी बांधून, मैलोन् मैल चालून मिळवलेला असतो, तो त्यांच्याच घरी राहिला पाहिजे.

फोटो काढताना बाजूला मोजपट्टी ठेवा आणि मागची बाजू नक्की घ्या. शिवणीचे दोरे, चिकटलेलं खाकी किंवा राखाडी कापड, मागचं प्लास्टिक हे सगळं पुरावा आहे. मागे चकचकीत प्लास्टिक आणि कडेला जाड मशीनची किनार असेल तर "खूप जुना" म्हणून विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, नकला भरपूर निघतात.

धुवायचं नाही, इस्त्री नाही, लॅमिनेशन अजिबात नाही, जुन्या दोऱ्यांचा रंग सुटतो आणि मग काही करता येत नाही. सेलोटेप, फेव्हिकॉल पण नको. पांढऱ्या सुती कापडावर हलक्या हाताने दोन टाके घालून बसवा, कोकणात असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदला. पितळी बकलला पॉलिश करू नका.

शेवटी एका वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक बॅजपुढे लिहा, कोणाकडे आहे, कुठून मिळाला, काळ कशावरून ठरवला. ठरवता आला नाही तर तिथे सरळ "माहीत नाही" लिहा, अंदाजाने साल टाकू नका, कारण पुढचा माणूस तेच छापणार. एक प्रत शाळेला द्या, एक जिल्हा कार्यालयाला, आणि ज्या सरांनी किंवा बाईंनी सांगितलं त्यांच्या घरी छापील प्रत स्वतः नेऊन द्या, फोनवर पाठवलेली फाइल त्यांना उघडता येईलच असं नाही.