स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या हाती टॅबलेट देताना

नवा टॅबलेट खोक्यातून काढून तसाच आजीच्या हातात दिला, की चार दिवसांत तो कपाटात जाऊन पडतो. बोट चुकून कडेला लागतं, चालू भजन बंद पडतं, मधेच जाहिरात उगवते. आपल्या हातून काहीतरी बिघडलं असं आजीला वाटतं. काय घडलं ते ती विसरते, पण धास्ती राहते आणि ती पुन्हा हात लावत नाही. म्हणून निम्मं काम टॅबलेट हातात देण्याआधीच उरकायचं.

१० इंचाचा साधा अँड्रॉइड टॅबलेट पुरतो. मोबाइलचा पडदा लहान पडतो. जाड रबरी कव्हर घ्या आणि तिरका उभा राहील असा स्टँड. मग सेटिंग्ज (कंपनीगणिक नावं थोडी वेगळी दिसतील):

१. ऑटो-रोटेट बंद. स्क्रीन टाइमआउट असेल तितका जास्त, बहुतेक ठिकाणी १० किंवा ३० मिनिटं.
२. 'डू नॉट डिस्टर्ब' कायम चालू.
३. होम स्क्रीनवर फक्त चार मोठी चिन्हं. लेआउट लॉक करण्याची सोय असेल तर करा.
४. सिक्युरिटीत 'अ‍ॅप पिनिंग' (पडदा एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवण्याची सोय) चालू करा आणि बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्यायही. टॅबलेट बंद करून परत सुरू केला की पिनिंग सुटतं, तेव्हा ते पुन्हा करावं लागतं. आयपॅडवर हेच काम 'गाइडेड अ‍ॅक्सेस' करतं.
५. सिम, यूपीआय, बँकेचं अ‍ॅप यातलं काहीही नको.

'दाबलं तरी चालत नाही' ही तक्रार सगळ्यात जास्त येते. हा पडदा दाबाच्या जोरावर चालत नाही, कातडीतून जाणाऱ्या सूक्ष्म विजेमुळे चालतो. म्हातारपणी बोटं कोरडी पडतात. त्यात जन्मभर कापूस वेचलेल्या, निंदणी केलेल्या हातांना घट्टे असतात. स्पर्श लागत नाही म्हणून माणूस बोट जोरात आणि जास्त वेळ दाबून धरतो. टॅबलेट त्याला 'लाँग प्रेस' समजतो आणि भलताच मेनू उघडतो. उपाय सोपा आहे. आधी ओल्या फडक्याने बोटं पुसा, नखं कापा, जाड स्क्रीनगार्ड काढून टाका. अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' 'लाँग'वर ठेवा. तरीही जमत नसेल तर मऊ टोकाचा स्टायलस (पडद्यावर टेकवायचं पेन) द्या.

आत काय भरायचं? स्मरणशक्ती वाढवण्याचे खेळ विकत घेऊ नका, त्यांनी हा आजार थांबत नाही. साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयातलं बहुधा जास्त टिकून असतं, तिथून सुरुवात करा. खानदेशातल्या आजीसाठी: कानबाईची गाणी, आखाजीच्या झोक्यावरची गाणी, सप्तशृंगीचा गड, सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा, केळीचे घड उतरवतानाचा व्हिडिओ. गाणी घरातल्याच मावशी-काकूंच्या आवाजात रेकॉर्ड केलीत तर आणखी चांगलं. बालपणीची बोली अहिराणी किंवा लेवा असेल तर रेकॉर्डिंगही त्याच बोलीत करा; मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते.

फोटो गॅलरीत मोकळे ठेवले की डिलीट होतात. त्यापेक्षा वीसेक फोटोंचा एकच व्हिडिओ बनवा. एका फोटोत एकच माणूस, प्रत्येकी दहा-बारा सेकंद, सोबत आवाज: "माय, हाऊ भुसावळना मामा." 'ओळख बघू कोण आहे' असं विचारूच नका. ती परीक्षा होते आणि नापास झाल्याचं दुःख आजीच्या वाट्याला येतं. नाव आपणच सांगावं आणि थांबावं. पुढचं आलं तर येऊ द्यावं.

वेळ सकाळच्या चहानंतरची, पंधरा-वीस मिनिटं. दिवस मावळताना अनेकांची घालमेल वाढते, तेव्हा नवीन काही काढू नका. समोर न बसता शेजारी बसा. आधी आपलं बोट टेकवून दाखवा, मग त्यांना करू द्या. पदराशी चाळा सुरू झाला, मान वळली, की थांबायचं.

पडदा काळा झाला की त्यात स्वतःचा चेहरा दिसतो आणि काहींना तो परका माणूस वाटतो. वापर संपला की वर फडकं टाका, खिडकीकडे पाठ करून बसवू नका. व्हिडिओ कॉलवर नातू दिसला की काही जण त्याला टॅबलेटच्या मागे शोधू लागतात. तसं होत असेल तर नुसता आवाजी फोन बरा.

जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेला टॅबलेट मंद होतो, चार्जिंग थांबवतो. गादीवर किंवा गोधडीखाली चार्ज करू नका, कूलरच्या तुषारांपासूनही लांब ठेवा. सगळं मेमरी कार्डात भरून ठेवा. लाइट गेली, वायफाय गेलं, तरी गाणं अडू नये. १०,००० एमएएचची पॉवर बँक जेमतेम एकदा चार्ज करते.

गोळ्यांचा अलार्म आजीच्या टॅबलेटवर नको, सांभाळणाऱ्याच्या मोबाइलवर लावा. आजी अलार्म बंद करते आणि गोळी राहून जाते. त्याच मोबाइलवर कोणत्या वेळी काय लावलं, त्याने काय झालं, हे दोन ओळींत टिपून ठेवा. संध्याकाळच्या घालमेलीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवला की पुष्कळ सांगणं वाचतं. सांभाळणाऱ्याचाच जीव थकला तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर.

आजार वाढला की बोट नेमकं टेकवणंही सुटतं. तेव्हा टॅबलेट नजरेआड ठेवून ब्लूटूथ स्पीकर लावा, खाटेपासून हातभर अंतरावर, आवाज बेताचा, आणि टीव्ही बंद.